पारू आत्याचा नंबर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आई-वडिलांच्याही आधी पारू आत्याचं नाव घेतो, आणि आई-वडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. पारू आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. पेण ते नागोठणे या लाइनीवर मिनिडोअर, म्हणजे सहा आसनी टमटम, चालवणारी पहिली बाई. तिला ओळखणारे तिच्या गाडीबद्दल बोलतात, तिच्या खणखणीत आवाजाबद्दल बोलतात. मी तिच्या रागाबद्दल लिहिणार आहे. इतकी वर्षं एकाच माणसावर, एकाच कारणासाठी, एका दिवसाचीही सुट्टी न घेता रागावून राहिलेलं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

हा राग आमच्या पेणच्या मिनिडोअर स्टँडच्या अध्यक्षांवर होता. आत्या त्यांचं नाव कधी घेत नसे. 'तो खुर्चीवाला' म्हणायची. अध्यक्ष खरंच दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीत, पानटपरीच्या ताडपत्रीखाली बसलेले असत आणि गाड्यांचे नंबर सांभाळत. स्टँडवर गाड्या रांगेत लागतात. पहिल्या नंबरची गाडी भरली की सुटते, मग मागची पुढे सरकते. पूर्वी नंबरावरून रोज मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून अध्यक्षांनी नियम केला: ड्रायव्हर सीटवर पाहिजे. गाडी सरकवायच्या वेळी ड्रायव्हर जागेवर नसेल तर नंबर गेला, गाडी शेवटी. पुन्हा तसं झालं तर दुसऱ्या दिवशी गाडी बंद. भांडणं मिटली म्हणून सगळ्यांनी तेव्हा वाहवा केली. मुतारी होती एसटी स्टँडच्या पार मागे. तिथं जाऊन येईपर्यंत नंबर जायचाच. मग ड्रायव्हर लोकांनी आपापसात एक सोपा उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. सकाळी घरून चहा घेऊन निघायचं, दिवसभर तंबाखूवर काढायचं आणि पाणी प्यायचं ते संध्याकाळी घरी येऊन, एकदम तांब्याचे तांबे. वैशाखातल्या उन्हात, इंजिनाच्या उष्णतेवर बसून.

आत्याचे यजमान दशरथ मामा त्याच लाइनीत होते. त्यांना मुतखड्याचा त्रास होता. दुखायला लागलं की ते स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसत, दुखणं मारायची गोळी कोरडीच गिळत, पण सीट सोडत नसत. घरी आत्या त्यांना कुळथाचं कढण करून द्यायची, पानफुटीची पानं चावायला द्यायची. एकदा खडा पडला, सगळे खूश झाले. मग पुन्हा झाला. शेवटी एका दिवशी अंगात ताप, हुडहुडी, पाठीत कळ, आणि मामांची गाडी पहिल्या नंबरावर. शेजारच्या ड्रायव्हरनं अध्यक्षांना सांगितलं, "दशरथला बरं नाय, त्याला दवाखान्यात नेतो, आमचे दोघांचे नंबर ठेवा." अध्यक्ष म्हणाले, "एकाचा ठेवला तर सगळ्यांचा ठेवावा लागेल. आजची बारी होऊ दे, मग जा." मामा म्हणाले, राहू दे, जातो बारी करून. नागोठण्याला पॅसेंजर उतरवले आणि ते सीटवरच आडवे झाले. खडा अडकून वर लघवी तुंबली होती, त्यात पू झाला होता, विष रक्तात गेलं होतं. अलिबागला नेलं, पण उशीर झाला होता.

मामांचे दिवस झाल्यावर आत्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे घरातले कुळीथ उकिरड्यावर फेकले. त्यानंतर तिच्या चुलीवर कुळथाची पिठी कधी झाली नाही. आमच्याकडे पिठीशिवाय घर म्हणजे लोकांना नवलच. माझी आई म्हणायची, "गो पारूताई, त्या कुळथानं काय केलंय तुझं?" आत्या म्हणायची, "काय केलं नाय, म्हणून तर."

दुसरी गोष्ट म्हणजे तिनं मामांची गाडी विकली नाही. मामांनी हौसेनं तिला भात कापलेल्या शेतात गाडी शिकवली होती. तिनं लायसन काढलं, बॅज काढला, परमिट नावावर केलं आणि एका सकाळी गाडी स्टँडवर आणून उभी केली. अध्यक्ष खुर्चीतून न उठता म्हणाले, "वैनी, बाईचा नंबर कुठं लावू मी?"

"माझ्या नवऱ्याचा होता तिथं," आत्या म्हणाली.

मग तिचा रोजचा कार्यक्रम सुरू झाला. गाडी पहिल्या नंबरावर आली की ती सीटखालून पाण्याची मोठी बाटली काढायची, खुर्चीसमोर उभी राहायची आणि सगळ्यांना दिसेल अशी घटाघटा प्यायची. नंतर गाडीतल्या पॅसेंजरना सांगायची, "बसा गो, मी आले," आणि एसटी स्टँडच्या मागे सावकाश चालत जायची. अजिबात घाई करायची नाही. अध्यक्ष नियमाप्रमाणे तिचा नंबर कापायचे. पण गाडीतल्या आमच्या गडब गावच्या बायका उतरायच्या नाहीत. "आम्ही आत्याच्या गाडीनं जाणार, शेवटून तर शेवटून," असं म्हणून टोपल्या मांडीवर घेऊन बसून राहायच्या. पुढच्या गाडीला पॅसेंजर मिळायचे नाहीत, लाइन खोळंबायची, भांडण लागायचं. दुसऱ्या दिवशी आत्याची गाडी बंद. तिसऱ्या दिवशी ती हजर, बाटलीसकट.

ड्रायव्हर लोक तिची चेष्टा करायचे. ती चालायला लागली की कोणीतरी ओरडायचा, "आत्या, हेटवण्याच्या धरणाचा दरवाजा उघडला काय?"

ती मागे वळून म्हणायची, "तुमच्या पोटातली खडी काढून द्या रे, हायवे तरी पुरा होईल!"

सगळे हसायचे. खुर्चीवाला हसायचा नाही. आत्याला तेवढं पुरायचं.

माझं शिक्षण प्रेमातून झालं असं मला म्हणता येत नाही. ते रागातून झालं, आणि मी त्या रागाला हात जोडतो. बारावी झाल्यावर वडील म्हणाले होते, रोह्याला कंपनीत ओळख लागतेय, शिफ्टला जाऊ दे. वडिलांचं चुकलं नव्हतं. आमच्या घरात त्याआधी बारावीसुद्धा कोणी झालेलं नव्हतं. आत्या भात झोडायच्या खळ्यावर येऊन उभी राहिली. म्हणाली, "हा शिफ्टला जायचा नाय. माझ्या घरात कायद्याचं, डॉक्टरीचं बोलणारं एक तरी माणूस पायजे. त्या खुर्चीवाल्यापुढं मी तोंडानं बोलते तर बाई भांडते म्हणतात." आणि मग पेणच्या कॉलेजात जायला तीन वर्षं तिच्या शेजारची सीट माझी. उरलेल्या प्रवाशांना ती सांगायची, "ती जागा नाय मिळायची. तिथं माझा वकील बसतो." मी विज्ञान शाखेत होतो. तिला त्यानं फरक पडत नव्हता.

पुढे पुण्याला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेताना प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी दुसरा कुठला विषय निवडणार होतो? पेण आणि रोहा तालुक्यांत मुतखडा कोणाला होतो आणि का होतो, हे विचारत मी गावोगाव फिरलो. धरमतरच्या खाडीकडे मिठागरात राबणारी माणसं भेटली. चहूबाजूंनी पाणी, पण पिण्याचं पाणी घरून नेलेल्या एका कॅनमधलं, तेही दुपारपर्यंत कोमट. रोह्यात बॉयलरजवळ शिफ्ट करणारे भेटले. कोलाडला ढाब्याच्या भट्टीवर रोट्या लावणारा एक जण म्हणाला, "घाम एवढा येतो की तिकडं जायची वेळच येत नाय." सगळ्यांचा राग मात्र बोअरच्या जड पाण्यावर. मी त्यांना सांगायचो, की जड पाण्याबद्दल शास्त्रज्ञांचंही एकमत नाही, पाणी कमी पिण्याबद्दल मात्र आहे. ऊन, घाम, कमी पाणी, सुक्या मासळीतलं आणि लोणच्या-पापडातलं मीठ, घराण्यात आधी कोणाला झालेला असणं, आणि स्वतःला एकदा झालेला असणं. अशी बरीच कारणं एकत्र येतात तेव्हा खडा होतो. पुस्तकात याला जोखमीचे घटक म्हणतात.

आत्याला मी हे सगळं तिच्या ओट्यावर बसून समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात त्याचं नाव कुठं हाय?"

"आत्या, एका माणसाच्या नावावर नाय टाकता येत. कारणं पुष्कळ असतात. मामांच्या वडिलांनाही त्रास होता."

"म्हणजे मी बिनकारणाची विधवा हाय काय?"

तिनं माझ्यापुढं भात वाढला, आमटी वाढली, आणि गाडी पुसायला निघून गेली.

त्याच वर्षी स्टँडच्या सत्यनारायणाला मला बोलावणं आलं. स्टँडवर दरवर्षी माघात पूजा होते. त्या दिवशी गाड्यांना झेंडूच्या माळा, रस्त्याच्या कडेला मांडव, लाउडस्पीकर, मोठ्या टोपात शिरा. पूजेला दरवर्षी अध्यक्ष आणि त्यांच्या मंडळीच बसत. स्टँडवरच्या ड्रायव्हरांची मुलं शिकली तर शाल-श्रीफळ द्यायचीही पद्धत होती. आत्या मला आदल्या दिवशी एवढंच म्हणाली, "माईक हातात आला की खरं बोल." नाव घे असं म्हणाली नाही. ते तिनं माझ्यावर सोडलं.

अध्यक्षांनी सोवळ्यातच माईक घेतला. "हा निलेश. आपल्या दशरथचा भाचा. मुतखड्यावर शिकून आलाय."

मागून कोणीतरी ओरडला, "मोजून सांग रे, बाळारामच्या पोटात किती हायत!" हशा झाला. मी माझा नारळ सांभाळत उभा राहिलो आणि जे शिकलो होतो ते साध्या भाषेत सांगितलं. ऊन, घाम, मीठ, घराणं, कमी पाणी. लोक लक्ष देऊन ऐकत होते. बोलणं संपलं तसा अध्यक्षांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "ऐकलंत ना मंडळी? ऊन देवाचं, घराणं बापाचं. कोणाचा दोष नाय. काही लोक उगाच माणसाला नावं ठेवतात. आता शास्त्रानंच सांगितलं."

मी अभ्यासून आणलेलं खरं त्या माणसानं माझ्यादेखत अंगावर शालीसारखं पांघरून घेतलं. आत्या इतकी वर्षं का पेटलेली आहे, ते मला तेव्हा अंगात कळलं. त्याआधी नुसतं ठाऊक होतं.

आत्या बायकांच्या बाजूनं उठून पुढे आली. माईक तिनं मागितला नाही, घेतला.

"निलेश, ऊन बंद करता येईल काय?"

"नाय आत्या."

"बाप बदलता येईल काय?"

लोक हसले. मी म्हणालो, "नाय."

"मग माणसाच्या हातात ह्यातलं काय हाय?"

"मीठ कमी करणं. आणि पाणी पिणं. पाणी सगळ्यांत आधी."

"बस, पाणी." ती ड्रायव्हर लोकांकडे वळली. "बाळाराम, तू सगळ्यांत म्हातारा. तू पाणी पितोस काय रे?"

"पितो की," बाळाराम काका म्हणाले.

"कुठं?"

"घरी जाऊन."

"हितं का नाय पीत? पूजा मांडलीय समोर, खरं बोल."

काका पूजेकडे बघत राहिले. चौरंगाला केळीचे खांब, मध्ये देव, आणि त्याला लागून अध्यक्ष. मग ते हळू आवाजात म्हणाले, "नंबर जातो."

"मोठ्यानं."

"नंबर जातो म्हणून!"

मागून दुसरा म्हणाला, नंबर जातो. मग तिसरा. एक जण म्हणाला, माझं गेल्या पावसाळ्यात ऑपरेशन झालं, मी कोणाला सांगितलं नाय. हसणं थांबलं होतं. आत्या अध्यक्षांकडे वळली.

"आता तुम्ही सांगा. दशरथ कशानं गेला?"

अध्यक्षांनी उपरणं सारखं केलं. त्यांच्या मंडळी खाली बघत होत्या. अध्यक्ष म्हणाले, "उद्यापासून प्रत्येकाला दहा मिनिटांची सूट. नंबर कापणार नाय. मी शब्द देतो."

टाळ्या पडल्या. आत्यानं टाळ्या थांबू दिल्या. "मी सूट नाय मागितली. मी विचारलं, दशरथ कशानं गेला?"

"प्रसाद घ्या सगळ्यांनी," अध्यक्ष म्हणाले, आणि कोणीतरी लाउडस्पीकरवर आरतीची कॅसेट लावली.

लोक आजही म्हणतात, त्या दिवशी आत्या जिंकली. स्टँडवर आता थंड पाण्याचा जार असतो, पोरं दिवसभर पाणी पितात, रांगेतून उठून जातात, येतात. बाळाराम काकांनी मला कितीदा तरी सांगितलं, "तुझ्या आत्यामुळं आम्ही माणसात आलो." पण जाराच्या वर पत्र्याची पाटी आहे, 'अध्यक्षांच्या सौजन्याने'. आत्या त्या जाराचं पाणी कधी प्यायली नाही. ती म्हणते, "नियम बदलला तो लोकांसाठी. माझं उत्तर त्यानं अजून दिलेलं नाय." मी सुट्टीत गेलो की स्टँडवर उतरतो आणि ती पाटी बघतो. बघून घेतो, असं म्हणणं जास्त खरं.

आता अध्यक्ष निवृत्त झाले आहेत. गेल्या महिन्यात ते आमच्या गडबला आले, धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. भर दुपारी रस्त्यावरून चालत आत्याच्या ओट्यावर आले. आत्यानं बसायला पाट दिला, पंखा लावला. आमच्याकडे माणूस दारात आलं की आधी पाण्याचा तांब्या येतो, मग तो वैरी का असेना. तांब्या आला नाही. थोडा वेळ वाट बघून ते म्हणाले, "वैनी, जरा पाणी द्याल काय?"

"देते की," आत्या म्हणाली, "नंबर लागला की."

ते हसले. ती हसली नाही. ते उठले, पत्रिका ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "झालं गेलं आता. पोरीला तुमचा आशीर्वाद पायजे." ही सगळी हकीकत मला आईनं सांगितली. आई शेजारच्या पडवीतून बघत होती आणि दारात आलेल्या माणसाला पाणी न मिळाल्याचं तिला फार लागलं होतं.

त्याच संध्याकाळी आत्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "ती पोरगी माझ्या गाडीनं शाळेत गेलेली हाय रे निलेश. मला आत्या म्हणते. तिचा काय दोष? मी पण आता थकले. जाऊ काय लग्नाला? पाणी पिऊ काय त्याच्या घरचं?"

मी काही बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "फोनवर नको सांगू. फोनवर माणूस व्हय व्हय म्हणून टाकतो. लिहून पाठव. मला सावकाश वाचता येईल."

मी तिला पाठवलेलं पत्र असं होतं.

तीर्थरूप पारू आत्यास,
निलेशचा साष्टांग नमस्कार.

तू विचारलंस म्हणून लिहितो. तू मला काही विचारावंस एवढा मी मोठा झालो, हेही तुझ्यामुळेच.

माझं काम आता रोज गावोगाव जाऊन लोकांना सांगायचं असतं, की मुतखडा एका कारणानं होत नाही. ते खरं आहे आणि मी ते सांगत राहणार. मामांच्या बाबतीतही ते खरं होतं. त्यांच्या वडिलांना त्रास होता, ऊन होतं, रोज सुकी मासळी होती, गोळ्याही त्यांनी फार खाल्ल्या. तू मला विचारलं होतंस, ह्यात त्याचं नाव कुठं आहे. त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही. आज देतो. ऊन आपल्या ओट्यावर येऊन माफी मागू शकत नाही. घराणं मागू शकत नाही, मासळी मागू शकत नाही. ह्या सगळ्यांत एकच असा होता ज्याला तोंड होतं, आणि त्यानं पूजेत देवासमोर, भरल्या मांडवात, तू दोनदा विचारलंस तरी ते उघडलं नाही. परवा ओट्यावरही उघडलं नाही. 'झालं गेलं' एवढंच म्हणाला. काय झालं आणि कोण गेलं, ते त्याच्याकडून अजून आलेलं नाही.

आत्या, तू थकलीस तर तू थांब. तुझा तो हक्क आहे. तू लग्नाला गेलीस, त्यांच्या घरचं पाणी प्यायलीस, तर मी तुला एक शब्द बोलणार नाही. पण माझ्या नावानं त्यांना माफ करू नकोस. मी केलेलं नाही. तू दमलीस म्हणून हे संपत नाही. आता हे माझ्याकडे आहे.

पोरीचा दोष नाही, हे तुझं बरोबर आहे. तिला घरी बोलाव, ओटी भर, चांगली साडी दे. मीही तिच्यासाठी काहीतरी पाठवतो. तिच्या बापाला मात्र निरोप दे. स्टँडवर, सगळ्या ड्रायव्हरांसमोर येऊन एवढंच म्हणायचं, 'दशरथला मी त्या दिवशी थांबवलं.' पुढं काही नको, पाया पडणं नको. एवढं म्हणाले तर मी रजा टाकून येईन, मांडवात उभा राहून पंगत वाढीन आणि त्यांच्या पानात पहिला भात मी वाढीन.

नाही म्हणाले तर पत्रिका परत कर. तुला अवघड वाटत असेल तर ठेवून दे, मी रविवारी येतो आणि त्यांच्या हातात नेऊन देतो.

तुझा,
निलेश